आठ टक्के दाखवले आणि गाळ्याचं कर्ज अडलं

प्रश्न एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: इलेक्ट्रिक सामानाचं दुकान त्यांच्या नावावर आहे, जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायच्या योजनेत. 2025-26 या वर्षाची विक्री 46 लाख. त्यातले 31 लाख यूपीआय आणि बँकेतून आले, 15 लाख रोख. भाडं महिना 12,000, एका मुलाचा पगार 10,000. मिस्टर विमा एजंट आहेत, त्यांचं कमिशन वर्षाला लाखभर. घरखर्च महिना 40,000. ओळखीचे एक गृहस्थ 500 रुपयांत रिटर्न भरून देतात आणि दरवर्षी विक्रीच्या आठ टक्क्यांच्या हिशेबाने तीन लाखांच्या आसपास उत्पन्न दाखवतात. आता गाळा विकत घ्यायचाय, स्वतःचे 6 लाख तयार आहेत, पण बँकेने रिटर्न बघून कर्ज नाकारलं. "आठ टक्के दाखवणं चूक होतं का? वह्या ठेवायच्या का? मागची रिटर्न्स वाढवून भरता येतील का?"

ताई, आठ टक्के दाखवणं बेकायदा नाही. चूक वेगळीच आहे, आणि ती त्या गृहस्थांची जितकी, तितकीच आमच्या, म्हणजे रिटर्न भरून देणाऱ्यांच्या, सगळ्या धंद्याची. छोट्या दुकानदाराचं उत्पन्न मोजायचं नसतं, लिहायचं असतं, ही सवय आम्हीच लावली.

आयकर कायद्याचं कलम 44 एडी काय म्हणतं ते आधी बघा. रहिवासी व्यक्ती, हिंदू अविभक्त कुटुंब किंवा भागीदारी संस्था (एलएलपी नाही) असा छोटा धंदा करत असेल आणि वर्षाची उलाढाल 2 कोटींच्या आत असेल, तर उलाढालीच्या 8 टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. रोख जमा एकूण जमेच्या 5 टक्क्यांच्या आत असेल तर 2 कोटींची मर्यादा 3 कोटींवर जाते. चेक, यूपीआय, एनईएफटी अशा मार्गाने आलेल्या रकमेवर 8 ऐवजी 6 टक्के. ही सवलत नोटाबंदीनंतर आली. वर्षअखेरीला उधारी राहिली असेल आणि ती रिटर्नच्या मुदतीआधी बँकेतून जमा झाली, तर तिलाही 6 टक्केच लागतात. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

पण त्याच कलमात पुढे एक तुकडा आहे: आठ टक्के, किंवा करदात्याने प्रत्यक्षात जास्त कमावलं असल्याचं सांगितलं तर ती जास्तीची रक्कम. म्हणजे आठ हा तळ आहे. त्याच्या खाली जायचं तर वह्या आणि प्रसंगी ऑडिट लागतं. वर जायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता तुमचं गणित मांडतो. 31 लाखांवर 6 टक्के म्हणजे 1,86,000. 15 लाखांवर 8 टक्के म्हणजे 1,20,000. बेरीज 3,06,000. तुमच्या गृहस्थांचा आकडा बहुधा असाच निघत असणार, आणि कायद्याच्या दृष्टीने तो चालतो.

पण तुमच्या घराच्या दृष्टीने तो चालत नाही. घरखर्च वर्षाला 4,80,000. तुमचे 3,06,000 आणि मिस्टरांचे एक लाख धरले तरी 4,06,000 होतात. म्हणजे कागदावर तुम्ही दरवर्षी पाऊण लाखाने तुटीत जगताय, आणि तरी गाळ्यासाठी 6 लाख साठलेत. बँकेच्या माणसाने हेच पाहिलं असणार. हप्ता फेडायला कागदावर काही उरतच नाही, आणि जे 6 लाख घेऊन तुम्ही त्याच्यासमोर बसलात, ते कुठून आले हे रिटर्न सांगत नाही. उद्या खरेदीखत नोंदलं गेलं की हाच प्रश्न आयकर खातंही विचारू शकतं.

खरा नफा काढू. तुमच्या धंद्यात वायर-स्विच-फिटिंगवर सुटणारं मार्जिन मी सरासरी 20 टक्के धरतो. तुम्ही तुमच्या खरेदीच्या बिलांवरून ताळा करा. 46 लाखांवर 9,20,000. त्यातून भाडं 1,44,000, पगार 1,20,000, वीज, जीएसटी आणि किरकोळ खर्च मिळून एक लाख वजा करा. उरले 5,56,000. आता पुन्हा घराकडे बघा: 5,56,000 अधिक मिस्टरांचे एक लाख, वजा घरखर्च 4,80,000. वर्षाला पावणेदोन लाख शिल्लक. तीन-साडेतीन वर्षांत 6 लाख. तुमचे 6 लाख सरळ आहेत, ताई. ते सरळ दिसत नाहीत एवढंच.

आणि गंमत पुढे आहे. 2025-26 या वर्षासाठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही, 4 ते 8 लाखांवर 5 टक्के, 8 ते 12 लाखांवर 10 टक्के, आणि कलम 87 ए च्या सवलतीमुळे एकूण उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर रहिवासी व्यक्तीचा कर शून्यावर येतो. शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ही सवलत लागत नाही, पण तो तुमचा विषय नाही. तुम्ही 3,06,000 दाखवा नाहीतर 5,56,000 दाखवा, कर शून्य. अडीच लाखांनी कमी दाखवून एक रुपया वाचत नाही, उलट कर्ज जातं.

मग लोक अजून तीन लाखांवरच का अडकलेत? कारण सवय. मी काम शिकलो तेव्हा करमुक्त मर्यादा आजच्या मानाने फार खाली होती. मर्यादेच्या जरा खाली उत्पन्न बसवायचं आणि त्यावरून उलटी विक्री काढायची, हा रिवाज होता. आधी उत्तर, मग गणित. मीही कित्येक फाइली अशा भरल्या आहेत, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. आता मर्यादा कुठल्या कुठे गेली, पण हात अजून जुन्याच आकड्यावर जातो.

याची उलट बाजूही सांगतो. कर्ज हवं म्हणून 5,56,000 चे 11 लाख करू नका. कर शून्य आहे म्हणून दाखवलं, असं म्हणणारे भेटतात. न कमावलेले ते पाच-साडेपाच लाख कागदावर कुठेतरी जमा व्हावे लागतात. मग ते रोख शिल्लक म्हणून फुगत जातात, आणि एखाद्या वर्षी ती 'रोख' खरीच दाखवायची वेळ येते.

रोख शिल्लक हा शब्द आलाच आहे, तर जरा थांबू, कारण माझ्या मते आयटीआर-4, म्हणजे 44 एडी वाल्यांचा रिटर्नचा फॉर्म, त्यातली सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. सुगम म्हणतात त्या या फॉर्ममध्ये पूर्ण ताळेबंद मागत नाहीत, पण 31 मार्चची काही बाकी विचारतात: देणं, येणं, मालाचा साठा आणि हातातली रोकड. लोक इथे मागच्या वर्षीचे आकडे थोडे वरखाली करून टाकतात. मीसुद्धा टाकायचो.

2016 ची गोष्ट. एका कापड दुकानदाराचं रिटर्न मी भरलं होतं, 31 मार्च 2016 ची रोकड 18,000 लिहून. विचारलं नव्हतं, अंदाजाने लिहिलं. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1000 च्या नोटा बंद झाल्या आणि या गृहस्थांनी बँकेत साडेसहा लाख भरले. नोटीस आली. अधिकाऱ्याचा प्रश्न सरळ होता: मार्चला 18,000 होते, सात महिन्यांत साडेसहा लाख कसे झाले? खरं उत्तर असं होतं की दुकानात आणि घरात मिळून मार्चलाच चारेक लाख होते. उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या खरेदीला ते रोख ठेवायचे. पण आमचंच रिटर्न आमच्याविरुद्ध साक्ष देत होतं. त्या वेळी आयकराच्या कलम 115 बीबीई खाली खुलासा न झालेल्या रकमेवर 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार आणि उपकर मिळून 77.25 टक्के जात होते. दिवाळी 30 ऑक्टोबरला झाली होती, म्हणून त्या हंगामाची खरेदीची बिलं आणि विक्री जुळवून आम्ही बरीचशी रक्कम वाचवली. सगळी नाही वाचली. त्या पाच आकडी रकमेची किंमत त्यांनी भरली, लिहिला मी होता. त्यानंतर 31 मार्चला संध्याकाळी गल्ला मोजून घेतल्याशिवाय मी कुणाचं रिटर्न घेत नाही.

तुम्हीही तेच करा. 31 मार्चला शटर ओढल्यावर तासभर बसा. गल्ल्यातली आणि घरी ठेवलेली दुकानाची रोकड मोजून लिहा. माल खरेदीच्या भावाने मांडा, विक्रीच्या नव्हे. कोणत्या डीलरचं किती देणं आहे आणि कोणाकडून किती येणं आहे, याची यादी करा. घरच्या बाजूला काढलेला पैसा, ज्याला आम्ही उचल म्हणतो, तो वर्षभरात किती, हेही टिपा. या वर्षीचा 31 मार्च हातून गेला असेल तर एप्रिलच्या पहिल्या बिलांवरून मागे जाऊन शक्य तितका खरा आकडा काढा.

म्हणजे वह्या ठेवायच्या का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलंच. 44 एडी मध्ये असेपर्यंत कायद्याने कीर्द-खतावणीची सक्ती नाही. पण साधा रोजमेळ, खरेदीच्या बिलांची फाइल आणि उधारीची वही ही तुमची स्वतःची गरज आहे. खर्चाच्या प्रत्येक पावतीबद्दल या योजनेत सहसा कोणी विचारत नाही. विचारतात ते तुमच्या खात्यात आलेल्या आणि तुम्ही गुंतवलेल्या पैशाबद्दल. त्याचं उत्तर रोजमेळात असतं. घसारा मात्र या टक्क्यांतच धरलेला असतो, तो वेगळा वजा मागू नका.

पत्रात तुम्ही ओझरता एक उल्लेख केलाय की दुकानात दोन क्यूआर कोड आहेत आणि एक मिस्टरांच्या बचत खात्याचा आहे. 31 पैकी 9 लाख तिकडे गेलेत. ही कर्जापेक्षा मोठी अडचण आहे. विक्री तुमची, पैसा त्यांच्या खात्यात. त्यांच्याकडे चौकशी झाली तर ते 9 लाख त्यांचं उत्पन्न नाही हे त्यांना सिद्ध करत बसावं लागेल. 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा हा पैसा कुणाला दिसत नाही असं समजू नका. तो स्टिकर उद्या सकाळी काढा. झालेल्या 9 लाखांची तारीखवार यादी बँक स्टेटमेंटवरून करून ठेवा आणि ते तुमच्या खरेदीला लागले असतील तर ते व्यवहार समोर लिहा. या रकमेवर 6 टक्के मागायचे की 8, यावर वाद घालता येईल. मी वाद टाळतो आणि 8 धरतो. तळ 3,06,000 ऐवजी 3,24,000 होतो, फरक 18,000 चा, आणि तुम्ही तर त्याच्या कितीतरी वर दाखवणार आहात.

आणखी एक तपासा. सीएमपी-08 या कंपोझिशनच्या जीएसटी फॉर्ममध्ये दर तिमाहीला जी विक्री दाखवली, त्यात हे 9 लाख आहेत का? नसतील तर व्यापाऱ्याच्या 1 टक्क्याच्या दराने 9,000 आणि त्यावर व्याज भरून वार्षिक जीएसटीआर-4 मध्ये खरा आकडा द्या. आयकरात 46 आणि जीएसटीत 37 असं दिसलं तर संगणकच फरक काढतो, त्याला माणूस लागत नाही. आयटीआर-4 मध्येच जीएसटी क्रमांक आणि त्यावरची उलाढाल विचारलेली असते.

मिस्टरांचं रिटर्न तेच गृहस्थ आयटीआर-4 मध्ये भरत असतील अशी मला शंका आहे. तसं असेल तर ते चुकतंय. कमिशन किंवा दलाली मिळवणाऱ्याला 44 एडी मिळत नाही. विमा कमिशनवर 194 डी खाली टीडीएस कापलेला असतो, म्हणजे ते कमिशन आहे हे कंपनीनेच सांगितलेलं असतं. त्यांचं रिटर्न आयटीआर-3 मध्ये, पेट्रोल-फोन असे प्रत्यक्ष खर्च वजा करून भरायचं. आणि तुम्ही दुकानात रिचार्ज किंवा पैसे पाठवण्याचा काउंटर काढायच्या विचारात असाल तर जरा थांबा. कायद्याचा शब्द 'कमिशन मिळवणारी व्यक्ती' असा आहे. त्या किरकोळ कमिशनमुळे दुकानाचं 44 एडी सुद्धा वादात येऊ शकतं. मी माझ्या माणसांना तो काउंटर घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर काढायला सांगतो, आणि त्याचं खातं खरोखर वेगळं ठेवायला सांगतो.

एखादं वर्ष खरंच वाईट गेलं आणि नफा टक्क्यांच्या खाली आला तर काय? इथे सापळा आहे. 44 एडी घेतल्यावर पुढच्या पाच वर्षांत कधी त्याहून कमी नफा दाखवला, तर त्यानंतरची पाच वर्षं ही योजना बंद होते. आणि त्या काळात एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतात. एका वर्षाच्या 20-30 हजारांच्या फरकासाठी हे ओढवून घेऊ नये असं मी सांगतो. तोटा मोठा असेल तर गोष्ट निराळी, तेव्हा समोर बसून हिशेब करावा लागतो.

काही गोष्टी भराभर. एखाद्या ठेकेदाराने घराच्या वायरिंगचं सगळं सामान घेऊन एका बिलाचे 2 लाख किंवा जास्त रोख दिले, तर घेऊ नका. 269 एसटी खाली घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो आणि तिथे 44 एडी वाचवत नाही. उत्पन्न पुढे 12 लाखांच्या वर गेलं आणि कर 10,000 किंवा अधिक निघाला, तर आगाऊ कर तुम्हाला चार हप्त्यांत नाही, एकदाच, 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. जुनी करप्रणाली घ्यायची असेल तर धंदेवाल्याला मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. एकदा जाऊन परत नव्यात आलात की जुनीचा दरवाजा बंद, नोकरदारांसारखं दरवर्षी इकडून तिकडे करता येत नाही. गाळ्याचं कर्ज, विमा, सगळं धरूनही तुमच्या उत्पन्नाला जुनीचा काही फायदा दिसत नाही. रिटर्न भरल्यावर 30 दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर भरलेलं धरलं जात नाही. 2025-26 चं रिटर्न अजून 1961 च्याच कायद्याखाली आहे. नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत आणि 'कर वर्ष' हा शब्द आलाय. पुढच्या वर्षी 44 एडी कुठे गेलं म्हणून घाबरू नका.

राहिली मागची रिटर्न्स. अद्ययावत रिटर्न भरायला आता निर्धारण वर्ष संपल्यापासून 48 महिने मिळतात, पण ते कमी भरलेला कर भरून काढण्यासाठी आहे. 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत जादा कर त्यावर बसतो. 2023-24 आणि 2024-25 या वर्षांत नव्या प्रणालीत 7 लाखांपर्यंत कर नव्हता, त्यामुळे तुमचं खरं उत्पन्न धरलं तरी बुडालेला कर निघत नाही. तिथे हात घालू नका. बँकेलाही अर्जाच्या तोंडावर वाढवलेली जुनी रिटर्न्स आवडत नाहीत.

2025-26 चं रिटर्न मात्र 5,56,000 च्या आसपास, तुमच्या बिलांवरून जो निघेल त्या आकड्याने भरा. सोबत साधं नफा-तोटा पत्रक, ताळेबंद, बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जीएसटी रिटर्न्स आणि 6 लाख कसे साठले याचं एक पान जोडा: आवर्ती ठेवी, मुदत ठेवी, त्यांच्या तारखा. एक वर्षाच्या रिटर्नवर कर्ज देणाऱ्या संस्था कमी आहेत, बहुतेकांना दोन-तीन वर्षं लागतात. गाळ्याचा मालक थांबायला तयार असेल तर एक वर्ष भाडेकरार वाढवून घ्या आणि पुढचं रिटर्न झाल्यावर अर्ज करा. तो थांबत नसेल तर मिस्टरांना सहकर्जदार घेऊन, जीएसटी उलाढालीवर कर्ज देणाऱ्या एखाद्या सहकारी बँकेत विचारा. व्याज जास्त पडेल. ते किती जास्त आणि वर्षभराचं भाडं किती, हे दोन आकडे शेजारी मांडून मग ठरवा.